अठ्ठाविसावा रकाना

जेवण घेऊन आलेल्या माणसाची पिशवी फाटकी होती. एवढंच झालं, आणि एवढ्याने कुणाचा दिवस बिघडावा असं त्यात काही नव्हतं. माणूस पन्नाशीचा होता. माल आणणाऱ्यांनी लिफ्ट वापरायची नाही असा त्या इमारतीचा नियम असल्यामुळे तो आठ मजले चढून आला होता, आणि काचेच्या दाराशी धापा टाकत उभा होता. त्याच्या पाठीवरच्या चौकोनी पिशवीची एक बाजू खाकी चिकटपट्टीने सांधलेली होती. पिशवीवर कंपनीचं चित्र होतं, पंख फुटलेलं चाक. चिकटपट्टी नेमकी पंखावरून गेली होती. जेवण मागवणाऱ्या तळटीपला ते पाहून हसू आलं, आणि ते काही भल्या माणसाचं हसू नव्हतं. गेली सात वर्षं तो याच कंपनीची किंमत काढत होता. दर तीन महिन्यांनी काढत होता, आणि आज संध्याकाळी सहा वाजता अठ्ठाविसाव्यांदा ती ऑफिसच्या शेअरसल्ल्याच्या पत्रकाच्या चारशे वर्गणीदारांना कळवणार होता. कोट्यवधींची किंमत, आणि पिशवीला चिकटपट्टी! पुड्याची किनार घामेजलेल्या हातातून दोन बोटांनी उचलत त्याने विचारलं, "कंपनी नवी पिशवी देत नाही का हो?"

"देते ना साहेब. नव्या पिशवीला नवं डिपॉझिट."

"आणि जुनं डिपॉझिट?"

"ते परत मागितलं की मोबाइलवर मेसेज येतो, 'प्रक्रियेत आहे.' आठ महिने झाले, प्रक्रियेतच आहे." माणूस हसला. त्याला राग आला आहे असंही दिसेना. "पडलं असेल तिकडे त्यांच्या कपाटात. आमचं म्हणून वेगळं कोण काढून ठेवतंय?"

माणूस जिन्याकडे वळला. तळटीप पुडा हातात धरून तिथेच उभा राहिला. मग जागेवर येऊन बसला, पुडा कीबोर्डच्या बाजूला ठेवला, आणि त्यातून तेलाचा डाग कागदावर हळूहळू पसरताना पाहत राहिला. काय समजतं या लोकांना, असं त्याने सवयीने मनात म्हटलं. हे वाक्य त्याच्या मनात दिवसातून वीसएक वेळा तरी यायचं, आणि दर वेळी त्याला जरा बरं वाटायचं. कंपनीच्या संस्थापकाबद्दल यायचं, जो प्रत्येक सभेत तोच काळा टी-शर्ट घालून 'आम्ही जेवण पोचवत नाही, आम्ही लोकांना त्यांचा वेळ परत देतो' असं सांगायचा आणि स्वतःच भारावून जायचा. चारशे वर्गणीदारांबद्दल यायचं, जे पहिलं पान सोडून पुढचं काही वाचत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा त्याने मुद्दाम सतराव्या पानावर एक परिच्छेद दोनदा छापला होता आणि चारशेपैकी एकाही माईच्या लालाने चूं केलं नव्हतं. आणि ऑफिसातल्या त्या सगळ्या चकचकीत बुटांबद्दल तर यायचंच यायचं. त्यांना तो खिसगणतीत धरत नव्हता. ते आकडे बघत, तो आकड्यांच्या खालची बारीक अक्षरं वाचत होता. म्हणून तर त्याला तळटीप हे नाव पडलं होतं. ठेवणाऱ्यांनी ते चिडवायला ठेवलं असेल, पण त्याने ते पदकासारखं छातीवर लावून घेतलं होतं. आज मात्र ते वाक्य मनात आलं आणि नेहमीसारखं बरं वाटलं नाही. वेगळं कोण काढून ठेवतंय. त्याने फाईल उघडली.

फाईलमध्ये सत्तावीस रकाने भरलेले होते, अठ्ठाविसावा भरायचा होता. कामाची पद्धत साधी होती. इतकी साधी, की तिच्यावर तो एवढा पगार घेतो हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटायची. कंपनीच्या सगळ्या शेअरांची बाजारातली किंमत घ्यायची, तीत कंपनीवरचं कर्ज मिळवायचं, कंपनीजवळची रोकड वजा करायची. राहील ते कंपनीचं खरं मोल. तिच्या वर्षाच्या विक्रीच्या ते किती पट आहे बघायचं. अडीच पटीच्या आत असेल तर 'घ्या', बाहेर असेल तर 'विका'. नवीन तिमाही आली की आधीच्या रकान्याचा कोपरा माउसने धरायचा आणि उजवीकडे ओढायचा. सूत्रं आपोआप सरकतात. मग फक्त नवे आकडे टाकायचे. अकराव्या ओळीत रोकड होती, आणि तो चौकोन पिवळा होता. सत्तावीसच्या सत्तावीस रकान्यांत पिवळा. ओढताना रंगही ओढला जातो.

पिवळा म्हणजे 'नंतर बघू.' हे त्याने स्वतःच ठरवलं होतं, सात वर्षांपूर्वी, याच खुर्चीत. तेव्हा खुर्चीचा डावा हात मोडलेला नव्हता आणि त्याचे केस कानांवर काळे होते. पहिलाच रकाना भरताना त्याने कंपनीच्या अहवालातली बारीक अक्षरं वाचली होती. चौदाव्या क्रमांकाच्या टिपेत लिहिलं होतं, की या रोकडीत पोचवणाऱ्या माणसांची डिपॉझिटं आणि गिऱ्हाइकांकडून गोळा केलेले, पण दुकानदारांना अजून द्यायचे पैसे धरलेले आहेत. म्हणजे ती रोकड सगळी कंपनीची नव्हती. पण तेव्हा तो आकडा होता बारा कोटी, अकराशे कोटींमधले बारा. चिमूटभर. वेगळी ओळ घालायची तर पुढची सगळी सूत्रं हलली असती, आणि त्या दिवशीही सहा वाजायचेच होते. त्याने चौकोनाला पिवळा रंग दिला आणि हात झटकले. पुढच्या तिमाहीत रकाना उजवीकडे ओढला, तेव्हा पिवळा रंग त्याला ओळखीचा वाटला. त्याच्या पुढच्या वेळी तो नुसता रंग होता. तिसऱ्या वर्षी वार्षिक सभेत ऑफिसचे साहेब म्हणाले होते, आपल्या तक्त्यांना स्वतःची अशी एक शैली आहे.

ही गोष्ट त्याने त्याच सुमारास आपल्या ताईला समजावून सांगितली होती. पिवळ्या चौकोनाची नव्हे, मोलाची. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्यामुळे त्याचे दात, बूट, पाढे, ताप हे सगळं ताईच्याच वाट्याला आलं होतं; लग्न तिने केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारण्याइतका तो कधी मोठा झाला नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. तिच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, आणि बरोबर उत्तर वर लिहायचं. चूक दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं. हा नियम घरात त्यालाही होता, आणि त्याच्या वह्या रेघांनी भरलेल्या असायच्या. मित्रांच्या वह्या गुळगुळीत, पांढऱ्या. त्याच्या वहीत प्रत्येक पानावर आपण कसे चुकलो त्याचा पुरावा. मोठा होऊन आपण कधीच चुकायचं नाही असं त्याने बहुधा तेव्हाच ठरवलं असावं, आणि दुसरे चुकतात तेव्हा त्याच्या पोटात जी एक गोड कळ उठते, तीही तिथलीच असावी.

तर ताईला त्याने सांगितलं होतं, समज, तुला एक घर विकत घ्यायचंय. घराची किंमत शंभर. घरावर दहाचं कर्ज आहे, ते तुलाच फेडायचंय, म्हणजे एकशेदहा. पण घराच्या कपाटात चाळीस सापडले, ते तुझे झाले. म्हणजे घर तुला पडलं सत्तरला. समजलं? ताई स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून भांडी पुसत होती. तिने विचारलं होतं, "कपाटातले ते चाळीस कुणाचे?" तो हसला होता. कपाळाला हात लावून हसला होता. अगं, घर तुझं म्हणजे कपाट तुझं, कपाट तुझं म्हणजे पैसे तुझे, यात काय विचारायचं? "नाही," ताई म्हणाली होती, "भाडेकरूने विश्वासाने ठेवायला दिले असले तर?" ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं तो मित्रमंडळींत विनोद म्हणून सांगत होता. आमची ताई, पोरांची सहामाही तपासणारी, म्हणते कशी, पैसे कुणाचे!

त्याने ताज्या अहवालातली चौदावी टीप काढली. बारा कोटींचे एकतीसशे कोटी झाले होते. चारशे कोटी पोचवणाऱ्यांच्या डिपॉझिटांचे, बाकी दुकानदारांचे. कंपनीजवळ म्हणून दिसणाऱ्या चार हजार कोटींपैकी तिचे स्वतःचे होते नऊशे. टीप मात्र तीच होती, शब्द न् शब्द तोच, नुसता आकडा फुगत गेला होता. आणि तो, तळटीप, बारीक अक्षरं वाचणारा, सहा वर्षं नऊ महिने ती टीप वाचलेली आहे असं समजून पुढे गेला होता. त्याने कोऱ्या कागदावर पेन्सिलीने हिशेब मांडला. शेअर नऊ हजार, कर्ज एक हजार, वजा चार हजार. सहा हजार; विक्री तीन हजार; दुप्पट. घ्या. मग खाली पुन्हा मांडला. नऊ हजार, एक हजार, वजा नऊशे. नऊ हजार शंभर, तिपटीहून जास्त. विका. तो मागे जात राहिला. पहिल्या दोन-तीन वर्षांत फरक किरकोळ होता. पण गेल्या दहा तिमाही त्याने ज्या कंपनीला स्वस्त, स्वस्त म्हणून डोक्यावर घेतलं होतं, ती स्वस्त नव्हती. तिच्या कपाटात भाडेकरूंचे पैसे होते. पुड्यावरचा तेलाचा डाग आता हिशेबाच्या कागदापर्यंत आला होता. पोटात भूक होती, आणि पुड्याचा वास नकोसा होत होता.

आणि उद्या सकाळी अकरा वाजता ताई बँकेत जाणार होती. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली होती. चौतीस वर्षांच्या नोकरीचं जे काही एकरकमी हाती आलं, ते सगळं ती या कंपनीच्या नव्या शेअरांत घालणार होती, कारण तिचा भाऊ सात वर्षं 'घ्या' म्हणत होता. गेल्या रविवारी तिने फॉर्म भरून ठेवला होता, सुवाच्य अक्षरात, एकही रेघ न मारता. तोच तिला म्हणाला होता, "बिनधास्त घाल गं, डोळे मिटून घाल." तिची ती कापडी पिशवी, तो घडी घालून ठेवलेला फॉर्म, बसचे पैसे वाचवायला चालत जाण्याची तिची खोड, याचाही त्याला तेव्हा किंचित तिटकाराच आला होता, हे त्याला आत्ता आठवलं.

तो उठून दुर्बिणीकडे गेला. दुर्बीण म्हणजे त्यांचे साहेब. समोर काही अडचण ठेवली की ते लगेच दहा वर्षांनंतरचं बघायला लागत, म्हणून हे नाव. त्यांच्या खोलीत गालिचा होता आणि खिडकीत एक झाड होतं, जे प्लास्टिकचं असूनही त्याला रोज पाणी घातलं जायचं, कारण झाडांना पाणी घालायला ठेवलेल्या बाईला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीचे नवे शेअर विकण्याचं कंत्राट याच ऑफिसला मिळालं होतं. तळटीपने पेन्सिलीचा कागद पुढे सरकवला. दुर्बिणींनी तो वाचला. एवढं मानावं लागेल, नीट वाचला. ते मठ्ठ नव्हते. तेच तर चीड आणणारं होतं.

"हं," ते म्हणाले. "आणखी कुणाच्या लक्षात आलंय?"

"नाही."

"सात वर्षांत कुणाच्याच नाही?"

"एकीच्या आलं होतं. पण ती या धंद्यातली नाही."

"मग झालं तर. हे बघ, चूक एकदा झाली तर ती चूक. सात वर्षं झाली की ती आपली पद्धत." त्यांनी कागद परत सरकवला. "नव्या शेअरांची भानगड एकदा उरकू दे. मग पुढच्या तिमाहीपासून हळूच बदल. मागचं काही हलवायचं नाही. आज नेहमीसारखं उजवीकडे ओढ आणि पाठवून दे. आणि हे तुझ्याच भल्याचं सांगतोय. सात वर्षांनी चुकलो म्हणून सांगणाऱ्याला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही."

तो 'बरं' म्हणाला. बाहेर येऊन पाण्याच्या मशीनपाशी उभा राहिला, कागदाचा पेला भरला आणि तसाच धरून ठेवला. दुर्बिणीबद्दल तुच्छता वाटून घ्यायला त्याला फार कष्ट पडले नसते, पण ती येईना. साहेबांनी जे सांगितलं ते करायला तो आत जातानाच तयार होता. फक्त कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठी तो आत गेला होता. एक ताईचं तेवढं निस्तरलं की झालं. चारशे वर्गणीदार गेले खड्ड्यात. ज्यांना सतराव्या पानावरचा परिच्छेद दोनदा छापलेला दिसत नाही, त्यांनी बुडावंच. त्याने जिन्याच्या दाराआड जाऊन फोन लावला.

"ताई, ऐक. उद्या बँकेत जाऊ नकोस. ते शेअर घेऊ नकोस."

"का रे?"

"नको म्हणतोय ना. माझं ऐक."

"पण तू तर घ्या म्हणतोस. आज नवीन कागद येणार ना तुझा?"

"हो, सहा वाजता."

"त्यात काय लिहिलंयस?"

जिन्यात खालून कुणाच्या तरी चढण्याचा आवाज येत होता. एक मजला, मग थांबा, मग आणखी एक मजला.

"घ्या," तो म्हणाला.

ताईच्या मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी एक, आणि लोकांसाठी एक?"

"अगं, तसं नाही. ते धंद्याचं असतं. तुला नाही समजायचं."

"असेल. पण मला दोन उत्तरांतून एक निवडता येत नाही रे. चौतीस वर्षं मी वहीत लिहिलेलं तपासलं. पोरं तोंडाने काय, काहीही सांगतात. तुझे सगळे कागद लावलेत मी फाईलला, सत्तावीस. आजचा येईल. त्यात असेल तसं करीन."

"ताई, पैसे बुडतील तुझे. ऐक जरा."

"मग तसं लिही ना." तिचा आवाज चढलेला नव्हता. वर्गातही चढत नसे. "आणि एक विचारायचं राहूनच जातं दर वेळी. तो पिवळा चौकोन कसला रे? प्रत्येक कागदावर असतो. मी म्हटलं, तुमच्यात पद्धत असेल."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिने "ठेवते, भात लागेल" म्हणून फोन ठेवला. जिन्यातून वर आलेला माणूस दुसराच कुणी होता, त्याची पंखाच्या चाकाची पिशवी नवी होती. त्याने तळटीपला पाहून उगाच मान लववली, आणि तळटीपला वाटलं, हा माणूस कंपनीला वापरायला आपले पैसे देतो आणि वर आठ मजले चढतो, आणि मी ते पैसे कंपनीचे म्हणून मोजतो आणि लिफ्टने जातो. हा विचार त्याला आवडला नाही. असले गळेकाढू विचार दुसऱ्यांच्या तोंडी ऐकले की तो नाक मुरडायचा. पण विचार खरा होता, आणि नाक मुरडल्याने आकडा बदलत नव्हता.

पाच पस्तीसला तो जागेवर बसला. सत्ताविसाव्या रकान्याचा कोपरा माउसने धरला. बोटाला सवय होती. बोट ओढायला निघालंसुद्धा. त्याने शेजारच्या टेबलांकडे पाहिलं. एक जण स्क्रीनच्या काचेत बघून केस सारखे करत होता, एक जण फोनवर कुणाला तरी 'मूल्य, मूल्य' म्हणून सांगत होता. तुच्छ वाटावं असं सगळं जिथल्या तिथे हजर होतं. त्याने वाट पाहिली; ती गोड कळ उठली नाही. या सगळ्या दालनात ज्याने स्वतः वाचलेली टीप बाजूला ठेवून सात वर्षं पगार घेतला असा माणूस एकच होता, आणि स्क्रीनच्या काळ्या चौकटीत त्याचा कान आणि कानावरचे पांढरे केस दिसत होते. किळस आली त्याला. पुड्याला आली तशी नाही, खरीच आली. आयुष्यभर दुसऱ्यांवर उधळायला बाळगलेलं सगळं भांडवल एका दमात घरी परत आलं.

दोन वाटा सोप्या होत्या. एक, आहे तसं ओढावं. दुसरी त्याहून साळसूद: पहिल्या रकान्यात नवी ओळ घालायची, सूत्र दुरुस्त करायचं, की पुढचे सगळे आकडे डोळ्याचं पातं लवेपर्यंत बदलतात, जसे काही पहिल्यापासून बरोबरच होते. मागचे रकाने बघतो कोण! पांढरंशुभ्र, गुळगुळीत पान. ताईलाही 'विका' दिसलं असतं, तिचे पैसे वाचले असते. ती फाईल काढून जुने कागद ताडून बघेल हे त्याला ठाऊक होतं, पण तो थांबला तो त्यामुळे नव्हे. त्याला एकदम खोडरबराचा वास आला, दुसऱ्यांच्या दप्तरांतला, हिरव्या रबराचा गोडसर वास, जो त्याला कधी मिळाला नाही.

त्याने नवी ओळ घातली. पहिल्या रकान्यातलं पिवळं काढलं. मग प्रत्येक रकान्यात जुना आकडा तसाच ठेवून त्यावर आडवी रेघ मारली, आणि वर नवा आकडा लिहिला. ओढून नाही, एकेक करून, हाताने. पहिल्या रकान्यात केसाएवढा फरक. सतराव्यापर्यंत उत्तर तेच. अठराव्याला 'घ्या'वर रेघ, वर 'विका'. एकोणिसाव्याला. विसाव्याला. पहिल्या पानावर, जे वाचतात त्या एकमेव पानावर, त्याने ठळक अक्षरांत 'विका' लिहिलं, आणि खाली: रोकड मोजताना दुसऱ्यांचे पैसे कंपनीचे धरले. चूक पहिल्या दिवसापासून माहीत होती. जुने आकडे मुद्दाम दिसू दिले आहेत. त्याखाली आपलं पूर्ण नाव घातलं, जे ऑफिसात फार कुणाला आठवतही नसे. सहाला चार मिनिटं असताना पाठवून दिलं. मग तो पुडा उघडला आणि गार झालेला ब्रेड खायला लागला, कारण भूक लागली होती.

सहा वाजून वीस मिनिटांनी ताईचा फोन आला.

"बघितला कागद," ती म्हणाली. "नाही जात मी उद्या." मग म्हणाली, "सत्तावीस चुका आहेत रे. मोजल्या मी."

"सत्तावीस नाहीत, ताई," तो म्हणाला. "एकच आहे. ओढत नेली."

"हं." ती चष्मा काढून ठेवत असावी, ती तशी थांबली की चष्मा काढते, हे त्याला माहीत होतं. "रेघा सरळ मारल्यास."

पाठीमागे दुर्बिणीच्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांनी त्याला हाक मारली, त्याच्या खऱ्या नावाने. त्याने हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं. ताई अजून फोनवर होती.